आकाशातले चाचे पटावेत कसे: हवाई लुटीची पार्श्वभूमी

आकाशातल्या चाच्यांची कथा लिहायला घेतली की लेखकाचं डोकं आधी जहाजाकडे धावतं. ते केवढं, त्यावर तोफा किती, नाव काय ठेवायचं. वाचक मात्र दुसरीकडेच अडतो. या लोकांना लुटायला मिळतं काय, लुटलेलं ते ठेवतात कुठे, विकत कोण घेतं, आणि भर आकाशात एका यानातून दुसऱ्यात माल चढवताना दोन्ही यानं जागेवर राहतात कशी? याची उत्तरं कल्पनेतून काढायची फारशी गरज नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ती तुकड्यातुकड्यांनी प्रत्यक्ष घडून गेली आहेत.

सर्वांत जवळचं उदाहरण पहिल्या महायुद्धातलं. २३ एप्रिल १९१७ रोजी जर्मन नौदलाच्या एल-२३ या झेपेलिनला, म्हणजे वायूच्या पिशव्यांवर तरंगणाऱ्या अवाढव्य एअरशिपला, उत्तर समुद्रात, डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ, ‘रॉयाल’ नावाचं नॉर्वेचं शिडाचं जहाज दिसलं. त्यात खाणींमध्ये आधाराला लावायची लाकडं भरली होती, म्हणजे युद्धाच्या हिशेबात जप्त करण्याजोगा माल. डोक्यावर झेपेलिन पाहून खलाशी होड्यांत उतरले. कप्तान लुडविग बोकहोल्टने एअरशिप पाण्यालगत आणून तीन माणसं उतरवली आणि त्या तिघांनी जहाज कुक्सहाफेन बंदरात नेलं. कायद्याने ही चाचेगिरी नव्हे, युद्धातली जप्ती. कृती मात्र तीच. चारच महिन्यांनी, २१ ऑगस्टला, ब्रिटिशांच्या ‘यार्मथ’ या क्रूझरवर बांधलेल्या जेमतेम सहा मीटरच्या फळीवरून एक छोटं सॉपविथ पप विमान उडालं आणि त्याने एल-२३ पेटवून पाडलं. त्या वैमानिकाला परत उतरायला जागाच नव्हती. त्याने विमान सरळ समुद्रात टेकवलं.

बोकहोल्टने माल वर ओढला नाही, अख्खं जहाज नेलं, आणि ते जमलं कारण समुद्रावरचं जहाज थांबलं तरी तरंगत राहतं. विमानाचं तसं नाही. थांबलं की पडलं. १९२१ मध्ये वेस्ली मे हा कसरतपटू पाठीला पेट्रोलचा डबा बांधून एका विमानाच्या पंखावरून दुसऱ्याच्या पंखावर चढला आणि त्याने ते पेट्रोल टाकीत ओतलं. १९२३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या दोन विमानांनी रबरी नळीने इंधन दिलं-घेतलं. म्हणजे उडत्या विमानावर माणूस चढू शकतो आणि द्रव पदार्थही पोहोचवता येतो. पण दोन्ही विमानांनी मनापासून साथ दिली तरच. नको म्हणणाऱ्या वैमानिकाने पंख जरासा कलवला की खेळ संपला. म्हणून मधल्या हवेत लूट दाखवायची असेल तर शिकार आणि शिकारी दोन्ही हवेपेक्षा हलके हवेत. विमानांच्या जगात लूट जमिनीवर किंवा विमानाच्या आतूनच होते.

पण एअरशिपलाही थांबणं फुकट पडत नाही. ऑक्टोबर १९२८ मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ अटलांटिकवर असताना शेपटीच्या पंखाचं कापड फाटलं. दुरुस्तीला माणसं बाहेर चढली, त्यांच्यासाठी कप्तान ह्यूगो एकेनरने इंजिनं मंद केली. पावसाने भिजून जड झालेलं यान पुढच्या वेगावर तोललेलं होतं, त्यामुळे ते समुद्राकडे खचू लागलं आणि माणसं बाहेर लटकत असतानाच इंजिनं पुन्हा चालू करावी लागली. थांबवलेली शिकार ढगासारखी निवांत तरंगत राहते असं लिहिणाऱ्याने हा प्रसंग समोर ठेवावा.

आता वजनाचं गणित. इथेच बहुतेक कथा ढिल्या पडतात. समुद्रसपाटीला एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो उचलतो, हेलियम साधारण १ किलो. उंची वाढेल तसा वायू फुगतो; पिशव्या पूर्ण भरल्या असतील तर दर १०० मीटरला सुमारे एक टक्का वायू झडपेतून सोडून द्यावा लागतो आणि तेवढी उचल कायमची जाते. म्हणून मोठ्या एअरशिप जमिनीपासून काही शे मीटरवरच उडत. सहा हजार मीटरवर चाललेली लढाई चित्रात भव्य दिसते खरी, पण जर्मन नौदलाची झेपेलिनं युद्धाच्या उत्तरार्धात तेवढी चढली तेव्हा माणसं प्राणवायूअभावी आणि थंडीने अर्धमेली होत.

समजा शिकारीच्या पोटात दोन टन सोनं आहे. ते बाहेर काढलं की ती दोन टनांनी हलकी होऊन वर झेपावते. चाच्यांचं यान तेवढंच जड होऊन खाली बसतं. दोर आणि शिडीने जोडलेली दोन यानं तराजूच्या पारड्यांसारखी विरुद्ध दिशांना जाऊ लागतात आणि मधला दुवा तुटतो. शिकारीला जागेवर ठेवायचं तर सुमारे १,८०० घनमीटर हायड्रोजन सोडावा लागेल, तोही दोन तापलेल्या इंजिनांच्या शेजारी. चाच्यांनी तोलासाठी नेलेलं पाणी ओतून दिलं तर त्यांचं यान सावरेल, पण अर्धाच प्रश्न सुटेल. त्यापेक्षा बरा उपाय म्हणजे तेच पाणी नळीने शिकारीच्या टाक्यांत भरायचं. सोन्याची पेटी इकडे, तेवढंच पाणी तिकडे. मिनिटाला १०० लिटर देणारा पंप असेल तर दोन हजार लिटरना २० मिनिटं लागतात, आणि कथेतला ताणही त्याच २० मिनिटांत आहे. ढगाआडून ऊन आलं की आतला वायू तापतो आणि यान वर जातं; सर आली की हजारो चौरस मीटर कापडावर साचणारं पाणी टनांनी वजन वाढवतं. त्यामुळे पंपावरच्या माणसाचं लक्ष पेट्यांइतकंच आकाशाकडे हवं.

चढायचं कुठून, हेही ठरलेलं असतं. माणसं, माल, चालककक्ष सगळं तळाशी. वरच्या पाठीवर फक्त कापड आणि त्याखाली वायूच्या पिशव्या. जर्मन झेपेलिनांच्या पाठीवर मशीनगनसाठी छोटा मंच असे आणि तिथे पोहोचायला पिशव्यांच्या मधून उभा बोगदा व शिडी असे. वरून उतरणाऱ्या टोळीला हाच एक खरा दरवाजा. तोही अरुंद. एका वेळी एक माणूस, पाय आधी, खाली कोण उभं आहे ते न दिसता. युद्धातल्या झेपेलिनांची आणखी एक वस्तू चाच्यांना शोभेल: तारेने खाली सोडायची टोपली. यान ढगात लपलेलं आणि ढगाखाली लोंबकळणाऱ्या टोपलीत बसलेला एकटा माणूस टेलिफोनवरून वर दिशा सांगतो आहे.

शिकारीला अडकवायला पहिला लोखंडी आकडा फेकताना मात्र विजेचा विचार हवा. हवेतून जाणाऱ्या यानावर स्थिर विद्युतभार साचतो आणि दोन यानांवर तो सारखा नसतो. ६ मे १९३७ रोजी ‘हिंडेनबर्ग’ या जर्मन एअरशिपला आग लागून ३६ माणसं गेली, जमिनीवर टाकलेले दोर पावसात भिजून वाहक झाले आणि ठिणगी पडली, हेच सर्वांत मान्य झालेलं स्पष्टीकरण आहे. लोखंडी आकडा मारून हायड्रोजनचं यान ओढणारा चाचा लुटीसकट स्वतःलाही जाळून घेईल. अनुभवी टोळी आधी लांब तार टाकून दोन्हींवरचा भार समान करेल, मग सुती दोर.

हेलियम जळत नाही, पण ते मिळायला हवं ना. १९२०-३०च्या दशकांत त्याचा साठा जवळजवळ सगळा अमेरिकेकडे होता आणि १९२७च्या कायद्याने निर्यात रोखलेली होती. ‘हिंडेनबर्ग’ हायड्रोजनवर उडालं ते त्याचमुळे. म्हणजे पोटातलं सोनं एकीकडे, पिशव्यांतलं हेलियमही लूटच. दोन लाख घनमीटर हेलियम भरलेलं यान अख्खं पळवून नेणाऱ्या टोळीचा हेतू कुणालाही पटेल, आणि मग हवेत पेट्या हलवायची कटकटही उरत नाही.

गोळ्यांबद्दल लेखकांचा गैरसमज सर्वांत जुना. पिशवीत भोक पडलं की फुग्यासारखा फटाका होत नाही, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा नाममात्रच जास्त असतो. वायू हळूहळू पाझरतो, खलाशी आत चढून ठिगळं लावतात. लंडनवर येणाऱ्या यानांना साध्या गोळ्या वाया जात होत्या; १९१६ मध्ये स्फोटक आणि आग लावणाऱ्या गोळ्या मिसळून वापरल्यावर ती पडू लागली. ऑगस्ट १९९८ मध्ये तर कॅनडाच्या दोन लढाऊ विमानांनी भरकटलेल्या एका संशोधन फुग्यावर हजाराहून अधिक तोफगोळ्या झाडल्या आणि तो तरीही अटलांटिकवर तरंगत गेला. तेव्हा नेम धरायचा तो इंजिनांवर आणि सुकाणूवर. कोकणातली जुनी पद्धत हीच होती. आंग्र्यांची वल्ही मारणारी गलबतं वारा पडल्यावर गुराबांना, म्हणजे तोफांच्या मोठ्या जहाजांना, ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, कारण तिथे तोफा कमी, आणि मारा डोलकाठ्या-शिडांवर होई. पळता न येणारं जहाज बुडवावं लागत नाही.

चाच्यांकडे छोटी विमानंही असू शकतील. अमेरिकी नौदलाच्या ‘अ‍ॅक्रन’ आणि ‘मेकन’ या सुमारे २४० मीटर लांबीच्या एअरशिपच्या पोटात स्पॅरोहॉक जातीची लढाऊ विमानं असत. परतणारं विमान खालून वेग जुळवत यायचं, पंखावरचा हुक लोंबत्या झोपाळ्यात अडकवायचं आणि मग ते वर ओढून घेतलं जाई. समुद्रावर चाकांचा उपयोगच नसल्याने ‘मेकन’वर चाकं काढून त्या जागी जादा इंधनटाकी लावत. कल्पना चालली, यानं टिकली नाहीत. ‘अ‍ॅक्रन’ ४ एप्रिल १९३३ रोजी वादळात समुद्रात कोसळलं आणि ७६ पैकी ७३ जण गेले. ‘मेकन’ फेब्रुवारी १९३५ मध्ये बुडालं.

खरी अडचण मात्र तळावर. एवढं यान जमिनीशी धरायला शे-दोनशे माणसं लागत. मे १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात कॅम्प कर्नी इथे ‘अ‍ॅक्रन’ अचानक वर उचललं गेलं तेव्हा दोर न सोडलेले खलाशी त्याच्यासोबत वर गेले. दोघे पडून मेले, एक तासाहून जास्त वेळ लटकत राहिला आणि शेवटी वर ओढला गेला. म्हणजे चाच्यांचा अड्डा हे दहा जणांचं गुप्त बिळ असूच शकत नाही. वाऱ्याआडची दरी, बांधायला मनोरा, वायू बनवण्याची सोय, आणि दोर धरायला अख्खं गाव. ते गाव पोटाला काय खातं आणि तोंड का बंद ठेवतं, ते लेखकाने ठरवलं की अर्धी कथा हाती लागते.

लुटायला काय, याचं उत्तर न्यू गिनीत सापडतं. १९३०च्या आसपास तिथल्या बुलोलोच्या सोन्याच्या खोऱ्यात रस्ता नव्हता. किनाऱ्यावरून तिथल्या वाऊ गावापर्यंत चालत आठवडाभर, विमानाने तासाभराच्या आत. सोनं उपसायची अवाढव्य यंत्रं सुटी करून युंकर्स जी-३१ विमानांनी वर नेली आणि सोनं त्याच वाटेने खाली आलं. जमिनीची वाट नसलेली जागा, किलोला प्रचंड किंमत असलेला माल, ठरलेला एकच हवाई मार्ग: चाच्याला एवढं पुरतं. धान्य किंवा कोळसा वाहणाऱ्या यानामागे कुणी लागणार नाही. दुसरी शक्यता ब्रिटिशांच्या साम्राज्य योजनेतली. इंग्लंडहून इजिप्तमधल्या इस्माइलियामार्गे कराचीपर्यंत एअरशिपचा मार्ग आखला होता; कराचीत, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यासाठी मनोरा आणि प्रचंड शेड उभी राहिली. कराचीला निघालेली ‘आर-१०१’ ही एअरशिप ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून ४८ माणसं गेली आणि कराचीची शेड त्या यानाची वाट बघत रिकामीच राहिली. पर्यायी इतिहास लिहायचा असेल तर याहून सोयीचा सांधा शोधूनही सापडणार नाही.

त्या मार्गाला हंगामही मिळतो. जेआरडी टाटांची कराची-मुंबई टपाल सेवा १५ ऑक्टोबर १९३२ला सुरू झाली. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जाई म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद, तसं आकाशही चार महिने बंद ठेवलं तर टोळी त्या काळात दुरुस्ती करते, उधारी फेडते, आपसांत भांडते.

आणि रोज लुटायलाच हवं असं नाही. कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या दप्तरात चाचा होता, मराठ्यांच्या लेखी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्याचं दस्तक घेतलेलं जहाज सुखरूप जाई, न घेतलेलं पकडलं जाई. पोर्तुगीजांनी आधी कार्ताझचे परवाने विकून हेच केलं होतं. घाटातल्या वाऱ्यांवर नजर ठेवणारी, दस्तक विकणारी हवाई टोळी दरोडेखोरांपेक्षा जास्त टिकाऊ वाटते, कारण व्यापारी दस्तकाची किंमत भाड्यात धरून मोकळा होतो.

राहिला कायदा. १९८२च्या समुद्री कायदा कराराच्या कलम १०१मध्ये चाचेगिरीच्या व्याख्येत खासगी विमानही आहे. अट एवढीच की खुल्या समुद्रावर, खासगी लाभासाठी, एका यानातल्यांनी दुसऱ्यावर हल्ला केलेला असावा. आतल्या प्रवाशांनीच यान ताब्यात घेतलं तर ते त्यात बसत नाही. त्यासाठी १९७०चा हेग करार वेगळा करावा लागला. त्याआधीची फट केवढी होती ते १६ जुलै १९४८ला दिसलं. मकाऊहून हाँगकाँगला निघालेल्या ‘मिस मकाऊ’ या कॅटालिना विमानात चार लुटारू प्रवासी म्हणून बसले. पाण्यावर उतरणारं विमान, म्हणजे कुठल्याही खाडीत नेऊन श्रीमंत प्रवाशांची खंडणी मागता येईल, हा बेत. झटापटीत वैमानिकाला गोळी लागली, विमान कोसळलं, २६ पैकी एकच जण वाचला आणि तो लुटारूंपैकीच निघाला. मकाऊच्या न्यायालयाचं म्हणणं, विमान हाँगकाँगचं, खटला तिकडे चालवा. हाँगकाँगचं म्हणणं, गुन्हा चीनच्या हद्दीवर घडला. तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, खटला न चालताच त्याला सोडून चीनमध्ये पाठवून दिलं.