सीडीची पाठ

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून मिठाईचा एक डबा निघाला. सदाशिव पेठेतल्या घरांचे माळे काहीही बाहेर काढतात. आमच्या माळ्याने तीसेक सीड्या काढल्या. मुंज, मावशीचं लग्न, आजोबांच्या पंचाहत्तरीचं गाणं. प्लास्टिकच्या डब्या कधीच्याच फुटलेल्या. म्हणून कागदी पाकिटं करायला बसलो आणि पहिल्याच पाकिटाला अडलो: सीडीची कुठली बाजू जपायची?

आपण सगळे चकचकीत बाजू जपतो. टेबलावर ठेवताना चकाकी वर, चित्र खाली. हे नेमकं उलटं आहे. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ही जवळपास सगळी जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. माहितीचे खळगे आणि त्यांवरचा धातूचा मुलामा असतो थेट चित्राखाली, वर फक्त लाखेसारखा पातळ थर, केसाहून कितीतरी बारीक. खालून येणारा लेसर प्लास्टिकमध्ये शिरताना पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि खळग्यांपाशी पोहोचेपर्यंत दोनेक मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतो. त्यामुळे खालचा बारीकसा ओरखडा त्याला धूसरच दिसतो, चष्म्यावरच्या ठिपक्यासारखा. वरून ओरखडा गेला तर मात्र मुलामाच निघतो, आणि तो पॉलिश करूनही परत येत नाही. (डीव्हीडीत माहिती दोन चकत्यांच्या मध्ये असते, तिची पाठ एवढी नाजूक नाही.)

आता कागद. रद्दीतलं वर्तमानपत्र नको. त्याची शाई बोटांना लागते तशी सीडीलाही लागते, आणि लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे तो कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. कॅलेंडरचं गुळगुळीत पान देखणं खरं, पण त्यावर खनिजाच्या पुडीचा लेप असतो. पुण्याच्या पावसाळ्यात तो दमट होऊन चिकटू शकतो. मला सगळ्यात आवडला तो झेरॉक्सचा साधा ए-फोर, एका बाजूला छापलेला असला तरी चालेल. कोरी बाजू आत. हौस असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळणारा चिंध्यांचा कागद घ्यावा. सुती धाग्यात लिग्निन जवळपास नसतंच.

ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. सीडी १२० ची, थोडी सैल बसावी म्हणून १२४ धरू. कागद उभा ठेवून डाव्या-उजव्या कडांच्या मधोमध, खालच्या कडेपासून १२४ सोडून सीडी ठेवायची, चित्र खाली, म्हणजे नाजूक पाठीला सपाट कागद मिळतो आणि घड्यांच्या कडा येतात दणकट बाजूला. दोन्ही बाजूंच्या ४३ मिलिमीटरच्या पट्ट्या आत दुमडायच्या, मग खालचा भाग १२४ वर घ्यायचा. वर उरलेली पट्टी खाली वळवून तिचं टोक खालच्या भागाच्या दुमडींत खोचायचं. घडी चमच्याच्या पाठीने दाबली की छान बसते. गोंद नाही, पिना तर नाहीतच. गंजतात आणि टोचतात.

शिवाय हे पाकीट पूर्ण उघडतं, सीडी ओढावी लागत नाही. अरुंद पाकिटातून ओढताना धुळीतले वाळूचे कण पॉलिकार्बोनेटवर रेघा काढतात. रेघ केंद्राकडून कडेला गेली तर फारसं बिघडत नाही, कारण सीडीवरची माहिती गोल गोल फिरत जाणाऱ्या मार्गावर विखरून लिहिलेली असते आणि त्या मार्गावरचा साधारण अडीच मिलिमीटरचा तुटका तुकडा प्लेअर हिशेबाने भरून काढतो. पण रेघ मार्गाच्याच दिशेने वळली तर तुकडा लांबतो आणि हिशेब हरतो. सीडी पुसायची ती म्हणूनच मधून बाहेर, गोल गोल नाही.

नाव पाकिटावर लिहायचं, तेही सीडी आत घालण्याआधी. मावशीच्या लग्नाच्या सीडीवर कुणीतरी बॉलपेनने तारीख लिहिली आहे, चांगली दाबून, अगदी कडेला. सीडी वाचली जाते आतून बाहेर आणि ही काठोकाठ भरलेली. त्यामुळे सीमांतपूजन झकास दिसतं, मंगलाष्टकाही सगळ्या ऐकू येतात, आणि विहिणींच्या पंगतीत जिलबी वाढताना चित्र गोठतं.