स्तरक्रम (रोषणाईतील)

सणासुदीच्या संगणकनियंत्रित रोषणाईत एकाच दिव्यावर एका क्षणी दोन किंवा अधिक प्रकाशपरिणाम आले, तर त्यांपैकी कोणता दिसावा किंवा त्यांचे मिश्रण कसे व्हावे हे ठरवणारा क्रम. मंडपाची कमान, इमारतीवरच्या माळा, आकाशकंदील अशा निरनिराळ्या रचना एका गाण्यावर चालवताना तो महत्त्वाचा ठरतो. तयार कंट्रोलरवर ‘रनिंग’ चालणाऱ्या साध्या सिरीजमध्ये हा प्रश्नच येत नाही.

उगम : या कल्पनेचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. रंगभूमीच्या प्रकाशयोजनेत एकाच दिव्याला दोन आज्ञा मिळाल्यास ‘अधिक तीव्र ती मान्य’ किंवा ‘शेवटची ती मान्य’ असे दोन संकेत रूढ आहेत. पहिला प्रामुख्याने डिमरवरच्या साध्या दिव्यांसाठी, दुसरा फिरत्या दिव्यांसाठी. १९८६ मध्ये आलेल्या डीएमएक्स ५१२ या दिव्यांना आज्ञा पाठवण्याच्या मानकातील ५१२ वाहिन्यांचा गठ्ठा आजच्या पिक्सेल (प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे रंगवता येणाऱ्या) रोषणाईनेही उचलला आहे (तीन रंगांच्या हिशेबाने एका गठ्ठ्यात १७० पिक्सेल बसतात). त्यामुळे स्तरक्रमाचे नियमही तेथूनच आले, असे म्हणण्याकडे कल होतो. परंतु ‘अधिक तीव्र ती मान्य’ या संकेतात आज्ञा कोणत्याही क्रमाने दिल्या तरी उत्तर एकच येते. तेथे क्रमाला अर्थ नाही. वरच्या स्तराचा (म्हणजे एकावर एक ठेवलेल्या परिणामांपैकी वरच्याचा) काळा भाग पारदर्शक धरणे, एका स्तराने दुसऱ्यावर मुखवटा घालणे, म्हणजे त्याचा काही भाग झाकणे, या गोष्टी मात्र संगणकीय चित्रांच्या परंपरेतल्या आहेत. एकावर एक चित्रे ठेवण्याचे गणित थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये सूत्रबद्ध केले. वाहिन्यांची मोजणी रंगभूमीची आणि स्तरांची रचना चित्राची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. संगणकनियंत्रणाआधीच्या, मोटरवर फिरणाऱ्या रोलरच्या चेसरमध्ये (दिवे ओळीने पेटवणाऱ्या यंत्रात) दिवा लागलेला किंवा विझलेला एवढेच शक्य होते.

कार्यपद्धती : एक्सलाइट्स या रोषणाई आखण्याच्या मुक्त संगणकप्रणालीत एकाच रचनेवरचे स्तर वरून खाली मांडतात व नेहमीच्या मिश्रणात वरचा स्तर खालच्याला झाकतो. प्रत्येक रचनेची पडद्यावर स्वतंत्र ओळ असते; या ओळींबाबत नेमके उलटे आहे : खालची ओळ नंतर मोजली जाते व वरच्या ओळीने लिहिलेले पुसते. नवख्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. ‘पूर्ण इमारत’ या गटाला निळा व ‘कंदील’ या रचनेला पिवळा दिला आणि कंदिलाची ओळ गटाच्या वर राहिली, तर कंदील निळाच दिसतो. ती खाली ओढली की पिवळा होतो. कंदिलाच्या ओळीत काहीच मांडलेले नसेल तेवढा वेळ गटाचा निळा टिकतो, पण तेथे मुद्दाम ‘बंद’ हा परिणाम ठेवल्यास कंदील विझतो. गटातल्या रचनांचा आपसातला क्रमही दुर्लक्षून चालत नाही. गट एका सलग ओळीसारखा धरला, तर पळता प्रकाश त्याच क्रमाने पळतो. खिडक्या यादीत उलटसुलट भरल्या असतील तर तो भिंतीवर उड्या मारतो.

मिश्रणात क्रियांचा क्रमही परिणाम बदलतो. भगव्यासाठी लाल २५५, हिरवा १००, निळा ० असे मूल्य घेतले आणि त्यावर तोच भगवा बेरजेने चढवला, तर लाल २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही, हिरवा मात्र २०० होतो. भगव्यावर भगवा घालून पिवळा मिळतो. बेरजेनंतर तेज निम्मे केले तरी (१२७, १००, ०) पिवळटपणा जात नाही. बेरजेआधीच दोन्ही स्तर निम्मे केले, तर (२५४, १००, ०) भगवा शाबूत राहतो. बेरजेऐवजी कमाल मूल्य घेतल्यास ही अडचण उद्भवत नाही, आणि पताका किंवा झेंड्याच्या रंगासाठी तेच बरे.

हे सर्व बिनचूक असूनही माळेवर रंग चुकू शकतो, कारण प्रत्येक पिक्सेलमधल्या चिपचा स्वतःचा रंगक्रम असतो. डब्ल्यूएस २८१२बी ही चिप हिरवा, लाल, निळा या क्रमाने माहिती घेते; कंट्रोलरवर लाल, हिरवा, निळा असा क्रम राहिला तर भगव्याचा पोपटी होतो. दोष स्तरांत शोधण्याआधी हे तपासावे. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट म्हणजे सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे ८०० पिक्सेलच्या माळेला २४ मिलिसेकंद जातात व सेकंदाला ४० चौकटींची (फ्रेम्सची) मर्यादा जवळ येते. स्तर कितीही वाढवले तरी हा वेळ वाढत नाही. ते आधीच एकजीव होऊन फाइलमध्ये गेलेले असतात.

ठाणे व नवी मुंबई : ठाण्यात गणेशोत्सव, टेंभी नाक्यावरील नवरात्रोत्सव आणि मासुंदा तलावाभोवतीची दिवाळी हे रोषणाईचे ठळक प्रसंग. तलावपाळीला, म्हणजे या तलावाच्या काठी, दिव्यांचे प्रतिबिंब पाण्यात पडत असल्याने स्तरांमधल्या काळ्या जागा तेथे विशेष उठून दिसतात. बेलापूर येथील महापालिका मुख्यालयावरच्या तिरंगी रोषणाईत रंगांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. तेथे स्तरक्रम गौण राहतो.