मानेची धमनी, सोनोग्राफी आणि दोन प्रकारचे ७० टक्के

कॅरोटिड डॉपलर, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीची सोनोग्राफी. तिचा रिपोर्ट हातात पडला की नजर जाते ती टक्क्यांवर: धमनी किती अरुंद झाली आहे. धमनीत साचलेल्या चरबीच्या थरावर रक्ताची ताजी गुठळी बसली आहे का, हा खरे तर जास्त तातडीचा प्रश्न. तो मागे पडला, त्याचे मूळ १९९१ मध्ये आहे.

त्याआधी १९७० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये धमनीचे चित्र आणि रक्ताचा वेग दाखवणारा डॉपलर एकाच यंत्रात आले होते. पण १९९१ मध्ये उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: पक्षाघाताची लक्षणे दिसून गेलेल्या रुग्णाची धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल, तर शस्त्रक्रियेचा फायदा होतो. आकडा एकच, मोजणी मात्र वेगळी. अमेरिकेने अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी धमनीशी केली. युरोपने ती त्याच जागेच्या मूळ रुंदीशी केली, आणि धमनी तिथे मुळातच फुगीर असते, म्हणजे मूळ रुंदी अंदाजानेच धरायची. परिणामी युरोपचे ७० म्हणजे अमेरिकेचे साधारण ५०, आणि अमेरिकेचे ७० म्हणजे युरोपचे ८२. बरे, दोन्ही मोजमापे अँजिओग्राफीवरची, म्हणजे धमनीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रे चित्रांवरची. सोनोग्राफी मुख्यतः अरुंद जागेत वाढणाऱ्या रक्ताच्या वेगावरून अंदाज बांधते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वरचा वेग म्हणजे ७० टक्के किंवा अधिक, असे ठरवून दिले. धमनी बंद पडत आली की वेग उलट घटतो, ही मेख त्यातही राहिलीच.

या आकड्यांत गुठळी कुठेच नाही. ताजी गुठळी पडद्यावर रक्तासारखीच काळी दिसते. यंत्रावर प्रवाह रंगात दाखवला आणि तो तिला वळसा घालताना दिसला, तेव्हा कुठे ती कळते. कधी तिचे मोकळे टोक प्रत्येक ठोक्याबरोबर हलताना दिसते, आणि मग टक्के विचारायला कोणी थांबत नाही.

डोक्याचा डॉपलर १९८२ मध्ये आला आणि धमनीतून सुटून मेंदूकडे निघालेले कण ऐकू येऊ लागले. प्रत्येक कणाला चिमणीच्या चिवचिवीसारखा एक आवाज. धमनी अरुंद पण लक्षणे नसलेल्या ४६७ रुग्णांच्या २०१० मधल्या अभ्यासात ७७ जणांत हे आवाज मिळाले. त्यांच्यात मेंदूच्या त्याच बाजूला झटका येऊन होणाऱ्या पक्षाघाताचा धोका वर्षाला सुमारे ३.६ टक्के होता, बाकीच्यांत ०.७. तरीही ही तपासणी रोजच्या वापरात फारशी रुळली नाही. कानशिलावर ध्वनिलहरी सोडणारा प्रोब बांधून तासभर बसायचे, ऐकणारा कान तयार हवा, आणि काहींचे तिथले हाड इतके जाड असते की ध्वनिलहरी आत जातच नाहीत.