सर्व्हरची ऑफलाइन प्रत आणि वनड्राइव्हची प्रत: तुम्ही नेमक्या कोणत्या फाइलवर काम करताय?

ऑफिसच्या सर्व्हरवरच्या, म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स ठेवणाऱ्या सामायिक कॉम्प्युटरवरच्या, फोल्डरवर राइट-क्लिक केलं की 'ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन' असा पर्याय दिसतो. वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याच्या (क्लाउडच्या), फोल्डरवर केलं की 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस'. दोन्हींमुळे नेट नसताना फाइल उघडते, दोन्हीकडे हिरवं चिन्ह उमटतं, त्यामुळे बहुतेक जण दोन्ही एकच धरून चालतात. लॅपटॉप ऑफिसच्या टेबलावर आहे तोवर त्यानं काही अडतही नाही.

पहिली सोय जुनी. 'ऑफलाइन फाइल्स' विंडोज २००० पासून आहेत आणि आजही विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत सापडतात. होम आवृत्तीत मात्र मिळत नाहीत. इथे मालक सर्व्हर. तुम्ही झेड ड्राइव्हवर (सर्व्हरचा फोल्डर सहसा अशा एखाद्या अक्षरानं जोडलेला असतो) जाऊन फाइल सेव्ह केलीत की ती सर्व्हरवर जाते आणि लॅपटॉपवर तिची छायाप्रत राहते. नेटवर्क सुटलं की विंडोज गुपचूप ती छायाप्रत पुढे करतं. पत्ता तोच, ड्राइव्हचं अक्षर तेच, फाइलचं नावही तेच. सोय यातच आहे आणि गोमही यातच.

वनड्राइव्हचं उलट. तिथे तुम्ही कायम लॅपटॉपवरच्याच फाइलवर काम करता, ऑफिसात बसलेले असा की बोरघाटात अडकलेले असा. क्लाउडवर चढवायचं काम मागून दुसरा प्रोग्रॅम करतो. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून यात 'फाइल्स ऑन-डिमांड' आलं, आणि चिन्हं नीट वाचणं गरजेचं झालं. निळा ढग म्हणजे इथे फक्त नाव आहे, फाइल नाही. पांढऱ्या वर्तुळात हिरवी टिक म्हणजे तुम्ही उघडलीत म्हणून उतरली. जागा कमी पडली तर विंडोजचा स्टोरेज सेन्स ती पुन्हा ढगात पाठवू शकतो. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी टिक असेल तरच ती कायमची मुक्कामाला. प्रवासाला निघताना फसवते ती मधली.

आता सीएच्या ऑफिसातलं नेहमीचं चित्र घ्या. आर्टिकलशिप करणारा मुलगा ऑडिटसाठी चाकणच्या कारखान्यात गेलाय, वर्किंग पेपर्सची एक्सेल ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. तो ऑफिसात असता आणि ती फाइल दुसऱ्यानं उघडलेली असती, तर एक्सेलनं लगेच सांगितलं असतं की कुणीतरी वापरतंय, फक्त वाचता येईल. चाकणमध्ये हे कुलूप नाही. तो छायाप्रतीत आकडे बदलतो, इकडे मॅडम मूळ फाइलमध्ये. संध्याकाळी तो परतला की कंट्रोल पॅनेलमधल्या सिंक सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही प्रती जुळवण्याच्या (सिंक करण्याच्या) जागी, तंटा उभा राहतो: ही ठेवू, ती ठेवू, की दोन्ही? दोन्ही ठेवाव्यात आणि बसून ताडून पाहावं, हे माझं मत. घाईत एक निवडली की दुसऱ्याचं दिवसभराचं काम गेलं. वनड्राइव्ह असा प्रश्न बहुधा विचारत नाही. वर्ड-एक्सेलचे बदल जमले तर एकत्र करतो, नाही जमले तर नावापुढे कॉम्प्युटरचं नाव जोडून दुसरी फाइल तयार करतो. काही पुसलं जात नाही, पण महिन्याभरानं फोल्डरात एकाच नावाची पिल्लावळ दिसते.

मात्र खरी डोकेदुखी घरून व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून, काम करणाऱ्यांची. व्हीपीएन जोडलेलं आहे, झेड ड्राइव्ह उघडतोय, म्हणजे आपण सर्व्हरवरच आहोत अशी खात्री असते. पण विंडोज ८ पासूनच्या मूळ सेटिंगमध्ये सर्व्हरचं उत्तर यायला ३५ मिलिसेकंदांहून जास्त लागू लागले की लाइन मंद आहे असं ठरवून विंडोज परस्पर छायाप्रतीवर जातं. मग जुळवाजुळव पाठीमागून, अधूनमधून होते. 'मी फाइल टाकलीय' असं सहकारी फोनवर शपथेवर सांगतो, तुम्हाला ती दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. एक्सप्लोररच्या खालच्या पट्टीकडे नजर टाका. तिथे 'ऑफलाइन', 'स्लो कनेक्शन' असं लिहिलेलं असेल तर समोरचं सगळं जुनं असू शकतं. सिंक सेंटरमधून हातानं सिंक करा, मगच बोलणी पुढे न्या.

जागा मोकळी करण्याचा मोह वनड्राइव्हवर महागात पडतो. 'डिलीट' केलं की फाइल क्लाउडवरून आणि तुमच्या बाकीच्या कॉम्प्युटरांवरूनही जाते. फक्त लॅपटॉप हलका करायचा तर 'फ्री अप स्पेस' निवडायचं. चूक झालीच तर ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये फाइल राहते, वैयक्तिक खात्यात ३० दिवस आणि ऑफिसच्या खात्यात सहसा ९३. सर्व्हरच्या फोल्डरातून उडवलेली फाइल तुमच्या रिसायकल बिनमध्ये येतच नाही, तिथे सर्व्हरचा बॅकअप हाच आधार.

लॅपटॉप फॉरमॅटला देताना दोघांतला फरक सगळ्यात उघडा पडतो. दुरुस्तीवाला साधारणपणे तुमच्या नावाचा फोल्डर कॉपी करतो: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो. वनड्राइव्हवर न चढलेली फाइल त्यातच असते, म्हणून ती वाचते. सर्व्हरच्या छायाप्रती मात्र सी ड्राइव्हवर विंडोजच्या पोटात, 'सीएससी' नावाच्या फोल्डरात असतात. तो ॲडमिनिस्ट्रेटरलाही सहज उघडत नाही. तिथे सिंक न झालेले बदल पडून असतील तर फॉरमॅटबरोबर तेही गेले. छायाप्रतींचा साठा बिघडला म्हणून तो रीसेट केला, तरी तेच होतं. म्हणून आधी लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कवर न्यायचा, सिंक पूर्ण होऊ द्यायचं, सिंक सेंटरमध्ये तंटा शिल्लक नाही हे पाहायचं आणि मग मशीन सोपवायचं.

आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर या दोन्हींपासून लांब ठेवा. त्यातल्या अनेक फाइल्स एकमेकींवर अवलंबून असतात. काही नव्या आणि काही जुन्या अशी सरमिसळ झाली तर टॅलीत त्या कंपनीचे हिशेब उघडतील याची खात्री नाही. घरून टॅली लागत असेल तर ऑफिसच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपनं जा (म्हणजे घरच्या स्क्रीनवरून ते मशीन चालवा), डेटा जागचा हलवू नका.