जुगाराचे व्यसन (वडोदऱ्यातील जनजागृती व उपचार)

खेळावरचा ताबा सुटणे, नुकसान दिसत असूनही डाव लावत राहणे आणि घर, नोकरी, झोप यांपेक्षा जुगारच मोठा होऊन बसणे, अशी लक्षणे असलेला मानसिक आजार. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये त्याला दारू व मादक पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घेतले. तिच्या 9 निकषांपैकी किमान 4 निकष 12 महिन्यांत आढळले, तर निदान होते.

बडोद्यात या व्यसनाला सणाचा आडोसा मिळतो. श्रावणात, विशेषतः सातम-आठमला (वद्य सप्तमी-अष्टमीला), तीन पत्तीचे फड बसतात. त्यालाच 'श्रावणियो जुगार' म्हणतात. मराठी घरांतही 'वर्षातून एकदाच तर' म्हणून काणाडोळा होतो. बहुतेकांचे पत्ते गोकुळाष्टमीनंतर खरोखर मिटतात. काहींचा डाव मात्र मोबाइलवरच्या सट्ट्यात चालूच राहतो आणि हरलेले वसूल करण्यासाठी रक्कम चढत जाते. गोकुळाष्टमीनंतर 10-12 दिवसांनी गणपती बसतात, तेव्हा उधारीवाले दारात असतात. मंडळांनी आरतीनंतर पाच मिनिटे या विषयाला द्यावीत, ती याचसाठी.

भाषणापेक्षा दोन प्रश्न जास्त उपयोगी पडतात: आणखी मोठी रक्कम लावावी असे वाटत गेले का? किती खेळलो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर तपासणी करून घ्यावी. पोलिसांच्या भीतीने लोक दवाखाना टाळतात. जुगार गुजरातेत गुन्हा आहे हे खरे, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या 2025 च्या केंद्रीय कायद्यातही शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

घरच्यांची सर्वांत महागडी चूक म्हणजे दागिने मोडून सगळे कर्ज एकदम फेडणे. त्याने ताण उतरतो, उधारीची वाट पुन्हा मोकळी होते आणि काही महिन्यांत नवे कर्ज उभे राहते. आधी कोणाचे किती देणे आहे ते रुग्णाकडून कागदावर लिहून घ्यावे. लोन ॲप आणि पतसंस्थेची (सोसायटीची) उचलही त्यात यावी. पगाराचे खाते विश्वासू माणसाच्या देखरेखीखाली ठेवावे, यूपीआयची मर्यादा खाली आणावी, क्रेडिट कार्ड बंद करावे, रोजच्या खर्चाला मोजकी रोकड द्यावी. फेड हप्त्यांनी, सावकाराला थेट करावी. हे सारे रुग्णाच्या संमतीने व्हावे. लपूनछपून केले की तोही लपवायला शिकतो.

उपचाराचा कणा म्हणजे वर्तन व विचार बदलणारे समुपदेशन, साधारण आठवड्याला एक बैठक. 'आता पत्ता लागणारच', 'थोडक्यात हुकले' हे विचार पकडणे आणि पगाराचा दिवस किंवा क्रिकेटचा सामना यांसारख्या धोक्याच्या वेळा आधीच आखणे, हे त्यात येते. यासाठी खास मंजूर औषध नाही. ओढ कमी करायला नालट्रेक्सोन काहींना देतात, त्याआधी यकृताची तपासणी होते. नैराश्य किंवा दारू सोबत असेल, तर त्याचेही उपचार लागतात. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) प्रॅमिपेक्झोलसारख्या काही गोळ्यांनीही अचानक जुगाराची ओढ लागू शकते. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालय ही शहरातील सरकारी ठिकाणे. कर्जाखाली दबलेल्या रुग्णात आत्महत्येचा धोका मोठा असतो. 'जीव नकोसा झालाय का?' असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला एकटे सोडू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.