‘शी’ला ‘सिधे’ म्हणू नका

फँटसी गेममधल्या परीलोकाला आयरिश भाषेतलं नाव असतं, स्पेलिंग एस-आय-डी-एच-ई. बरेच खेळाडू ते ‘सिधे’ वाचतात. खरा उच्चार ‘शी’. चूक दाखवली की ठरलेलं उत्तर येतं: आयरिश स्पेलिंगला नियमच नाहीत, कसंही म्हणा.

हा समज साफ चुकीचा आहे. आयरिश स्पेलिंग इंग्रजीपेक्षा कितीतरी शिस्तीचं आहे. एसच्या शेजारी आय किंवा ई आला की ‘स’चा ‘श’ होतो. आपल्याकडे म्हैस, पण म्हशी, अगदी तसंच. व्यंजनामागचा एच उगाच बसलेला नसतो. आयरिशच्या जुन्या, म्हणजे गेलिक लिपीत अक्षरावर टिंब देत, म्हणजे उच्चार मऊ झाला. रोमन टाइपात त्या टिंबाचा एच झाला. म्हणून बीएच आणि एमएच म्हणजे बहुधा ‘व’, आणि ‘शी’मधला डीएच बोलताना गळूनच गेला. 1958 च्या प्रमाणलेखनात तो कागदावरूनही गेला.

‘सॅमहेन’ असा वाचला जाणारा आयरिश सण याच नियमाने ‘साउन’ होतो, आणि बाईचं नाव सायोभान नव्हे, शिवॉन.

वेल्श नावांना मात्र हे लावू नका. वेल्श आणि आयरिश दोन्ही केल्टिक भाषाकुळातल्या, पण वेल्श ही आयरिशसारखी गेलिक शाखेतली नव्हे. तिथे डबल डी म्हणजे इंग्रजी ‘द’ (‘दिस’मधला).