जुन्या मोटरहोमचं चार्जिंग : मीटर कुठे लावावा, कसा वाचावा

मुक्कामावर पोचून तासभर होत नाही तोच आतले दिवे पिवळे पडतात, पाण्याचा पंप कण्हायला लागतो, आणि मालक चक्रावतात : "सहा तास गाडी चालवत आलो, काटा तर येताना छान चार्जिंग दाखवत होता!" आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. काटा खोटं बोलत नव्हता. डॅशबोर्डपर्यंतच्या वायरिंगचं त्याला कळतं, मागच्या बॅटरीत किती पोचलं ते कळत नाही. तुमचा पंप आणि दिवे चालतात ते त्या मागच्या बॅटरीवर.

इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर एक आणि बॅटऱ्या दोन, असा हा संसार. पुढची सेल्फ मारायला, मागची राहत्या भागासाठी. दोन्हींच्या मधे सोलेनॉइड (विजेवर चालणारा स्विच) किंवा डायोडचा (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) आयसोलेटर असतो. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या भराव्यात, आणि इंजिन बंद झाल्यावर मागच्या दिव्यांनी पुढची उतरवू नये, एवढंच त्याचं काम. पण चाळीस-पन्नास वर्षं जुन्या गाडीत दुखणं बहुतेक वेळा इथेच निघतं. चावी फिरवल्यावर सोलेनॉइड 'टक्' वाजतो, म्हणून तो ठीक आहे असं वाटतं. आतले कॉन्टॅक्ट मात्र जळून काळे झालेले असतात. कधी आधीच्या कुणीतरी तिथे सेल्फचाच सोलेनॉइड बसवलेला सापडतो. तो काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला असतो. तासन्‌तास चालू राहिला की त्याची कॉइल जळणारच. डायोडच्या आयसोलेटरमध्ये सुमारे 0.6 ते 0.7 व्होल्ट वाटेतच जातात. अल्टरनेटर 14.2 देत असला तरी बॅटरीला मिळतात जेमतेम 13.5, आणि ती कधीच काठोकाठ भरत नाही.

म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी, आमच्याकडूनसुद्धा, एक साधा मल्टिमीटर घ्या आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर थेट मोजा.

कोणते आकडे बघायचे

रात्रभर काही न चालवता ठेवलेली 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी सकाळी 12.6 ते 12.7 दाखवत असेल, तर ती पूर्ण भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण निम्मी. 12.0 च्या खाली वरचेवर जात असेल, तर तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतंय. चार्जिंग बंद केल्या केल्या मोजू नका. तो आकडा फुगलेला असतो.

इंजिन चालू करून थोडी रेस द्या. 13.8 ते 14.4 च्या दरम्यान असेल तर उत्तम. 13.2 च्या वर जातच नसेल, तर चार्जिंग नीट होत नाही. सतत 14.8 च्या वर राहत असेल तर बहुधा रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा भाग, गेलाय; बॅटरीतलं पाणी उकळून कमी होतं आणि हायड्रोजन सुटतो. बॅटरी बंद खणात असेल तर हे गंभीर आहे, गाडी तशीच चालवू नका. कडक थंडीत आकडा थोडा वर आणि उन्हाळ्यात थोडा खाली असणं बरोबरच आहे.

तुमच्या गाडीला अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनमो असेल, तर आयडलिंगला डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणेल. घाबरू नका, डायनमो कमी फेऱ्यांवर चार्ज करतच नाही.

ॲमीटर : दिसतो देखणा, पण...

जुन्या गाड्यांमध्ये चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत येतो, ॲमीटरमधून (करंट मोजणाऱ्या काट्याच्या मीटरमधून) जातो आणि परत बॅटरीकडे वळतो. मूळ अल्टरनेटर लहान होता तोवर हे चालून गेलं. नंतर कुणी 100 ॲम्पियरचा बसवला, वायर मात्र तीच ठेवली, की गडबड. एका गाडीचा ॲमीटर आम्ही काढायला घेतला तर मागचा नट पान्याशिवाय, बोटानंच फिरला. वायरच्या टोकाच्या लगखालचा पांढरा वॉशर चहाच्या रंगाचा झाला होता आणि शेजारच्या वायरचं आवरण वाकवताच तुकडे होऊन गळून पडलं. मालकांना बरेच दिवस गरम वास येत होता. ते तो हीटरचा समजत होते.

आमचं मत स्पष्ट आहे : ॲमीटरची तबकडी शोभेला राहू द्या, करंट तिच्यातून नेऊ नका. आम्ही अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत फ्यूजसह वेगळी जाड वायर टाकतो आणि शेजारी व्होल्टमीटर बसवतो, सोबत पुढची बॅटरी, बंद, मागची बॅटरी असा तीन जागांचा स्विच. व्होल्टमीटरची वायर आम्ही थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतो, प्रत्येकीला टर्मिनलजवळच 1 ॲम्पियरचा फ्यूज लावून. डॅशबोर्डमधल्या जवळच्या वायरला जोडला, तर तो त्या वायरचा व्होल्टेज सांगेल, बॅटरीचा नाही.

लाल दिव्यावर विसंबू नका. तो जास्त चार्जिंग दाखवत नाही, आणि बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच मिळतो. बल्ब गेला तर अल्टरनेटर उशिरा जागा होतो, किंवा होतच नाही.

वाटेत हरवणारे व्होल्ट शोधायची चाचणी

अल्टरनेटर पुरेसं देतोय, पण मागे पोचत नाही, असं दिसलं तर ही चाचणी करा. मागची बॅटरी थोडी उतरलेली असताना इंजिन चालू ठेवा. मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर, दुसरी मागच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. जो आकडा दिसेल, तेवढे व्होल्ट वाटेत हरवताहेत. 0.3 पर्यंत ठीक. डायोड आयसोलेटर असेल तर त्याचे 0.7 वेगळे धरा. मग हेच अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात करा, तिथे 0.2 पेक्षा जास्त नको. ही दुसरी चाचणी लोक विसरतात, आणि अर्ध्या वेळेला दोषी निघतो तो चासीवरचा गंजलेला अर्थिंगचा बोल्ट. काम करताना पिनच्या वायरी पट्टा आणि पंख्यापासून लांब धरा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. त्या झटक्यानं अल्टरनेटरचे डायोड उडतात.

आठवडाभर एकाच जागी, बाहेरच्या विजेशिवाय राहणाऱ्यांनी शंटवर (करंट मोजण्यासाठी वाटेत बसवलेल्या पट्टीवर) चालणारा बॅटरी मॉनिटर जरूर बसवावा. किती ॲम्पियर-तास आत गेले आणि किती बाहेर पडले, हे तोच सांगतो. त्याचा शंट निगेटिव्ह बाजूला बसतो, आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटशिवाय दुसरी एकही वायर राहता कामा नये. एक जरी राहिली, तरी हिशेब चुकत जातो.

बाहेरच्या विजेवर महिनोन्‌महिने लावून ठेवता? मग गाडीतला मूळ जुना चार्जर तपासून घ्या. त्यातले बरेचसे बॅटरी भरली तरी व्होल्टेज खाली आणत नाहीत आणि पाणी आटवतात. लिथियम बॅटरी घालायचा विचार असेल, तर आधी आमच्याशी बोला : ती इतका करंट ओढते की आयडलिंगला जुना अल्टरनेटर तापून जातो. मधे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरमधून ठरावीक करंटच घेऊन बॅटरी भरणारा चार्जर, लागतो.

गाडी तपासायला आणताना आदल्या रात्री चार्जरवर लावू नका, बॅटरीत पाणी घालू नका, टर्मिनल पुसू नका. आठवडाभर सकाळी आणि इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट कागदावर लिहून आणलेत, तर आमचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमच्या बिलातली तेवढी मजुरीही.